आवाज ओळखीचा, नाव मात्र नाही : निमगाव केतकीच्या ओव्यांना गायिकांची नावं कशी मिळाली?

आषाढ जवळ आला की बारामती ते इंदापूर हा रस्ता मोबाईलमध्ये दिसायला लागतो. तुकोबांच्या पालखीसाठी काटेवाडीत अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या, तिथलंच मेंढ्यांचं रिंगण, पुढे बेलवाडीचं गोल रिंगण, मग इंदापूरचं. रील्सचा नुसता पाऊस पडतो. त्यातल्या एखाद्या रीलमध्ये डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी आजी गात असते. ती क्लिप चार-पाच मोठी पेजेस उचलतात, कोपऱ्यात आपापला लोगो चिकटवतात आणि खाली कमेंटमध्ये "माउली माउली" सुरू होतं. लाखभर लोक बघतात. आजी कोण, कुठल्या गावची, जे म्हणत होती ते कुणाचं, हे मात्र कुणी विचारत नाही.

म्हणजे गाणं पोहोचलं, गाणारी जागच्या जागी राहिली.

आता याच रस्त्यावरचं एक गाव घ्या. निमगाव केतकी, तालुका इंदापूर. तुकोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. या गावातल्या बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या आज इंटरनेटवर सापडतात आणि त्या गायिकांच्या नावासकट सापडतात. या बायका काही व्हायरल झाल्या नव्हत्या. त्यांच्याकडे फॉलोअर्स नव्हते आणि ओव्या गोळा झाल्या तेव्हा हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. मग त्यांचं नाव टिकलं कसं? उत्तर आहे, माणसांनी माणसांसाठी केलेली निवड. आजच्या भाषेत याला कम्युनिटी क्युरेशन म्हणतात. आपल्याकडे ही गोष्ट बरीच जुनी आहे.

आकडा चांगलं शोधून काढत नाही का?

आधी हा प्रश्न संपवू, कारण बहुतेकांचा समज असा असतो की चांगलं असेल ते आपोआप वर येतं.

अमेरिकेत मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी एक प्रयोग केला. तो २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना ती ऐकून डाउनलोड करायला दिली. काही जणांना फक्त यादी दिसत होती. बाकीच्यांना प्रत्येक गाणं आधी किती जणांनी उतरवून घेतलंय तो आकडाही दिसत होता. या आकडा दिसणाऱ्यांचे आठ वेगवेगळे गट केले होते आणि एका गटाचा आकडा दुसऱ्याला दिसत नव्हता.

झालं असं की आकडा दिसायला लागल्यावर वर असलेलं गाणं आणखी वर गेलं, खालचं आणखी खाली. त्यातही गंमत म्हणजे आठ गटांमध्ये वर गेलेली गाणी सारखी नव्हती. अगदी उत्तम गाणं सहसा पार तळाला गेलं नाही आणि अगदी टाकाऊ गाणं सहसा पहिलं आलं नाही. पण मधल्या सगळ्या गाण्यांचं काय होईल ते सांगता येत नव्हतं. सुरुवातीला कोण आलं आणि त्याने काय उचललं यावर पुढचं बरंच ठरत होतं.

आपल्या फीडचंही साधारण असंच चालतं. पोस्ट आधी थोड्यांना दाखवली जाते, त्यांनी दाद दिली तर आणखी लोकांना. ज्याच्याकडे पहिले शंभर जणच नाहीत, तो सुरुवातीलाच मागे पडतो. त्याचं काम वाईट असतं म्हणून नव्हे, ते कुणी पूर्ण बघितलेलंच नसतं म्हणून.

अभंगाचा वॉटरमार्क

वारकऱ्यांनी हा प्रश्न फार आधी, आपल्या पद्धतीने सोडवलेला दिसतो.

दिंडीत कोणता अभंग म्हणायचा हे कुणी वरून ठरवत नाही असं नाही, क्रम असतो, परंपरा असते. पण कोणता अभंग शेकडो वर्षं टिकला हे म्हणणाऱ्यांनीच ठरवलं. वह्यांमध्ये, बाडांमध्ये उतरवून घेतलं, पाठ केलं, पुढच्या पिढीला दिलं. त्यामुळे ज्यांना देवळाच्या आत जायला मिळालं नाही त्या चोखोबांचे अभंग राहिले. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांचेही राहिले.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं. तिला नाममुद्रा म्हणतात. तुका म्हणे, नामा म्हणे, तसं. हा वॉटरमार्क कापता येत नाही, कारण तो गाण्याच्या आतच विणलेला असतो. क्रॉप करायला गेलात तर अभंगच अर्धवट राहतो. गाणारा पंढरपूरचा असो की तंजावरचा, त्याला शेवटी नाव घ्यावंच लागतं.

अर्थात नाममुद्रा असूनही नाव हरवू शकतं. सगळे रंग एकच झाले असं सांगणारा सोयराबाईंचा अभंग किशोरी आमोणकरांच्या आवाजात घराघरांत पोहोचला. तो सोयराबाईंचा आहे हे मात्र आजही अनेकांना माहीत नसतं, कारण त्यातल्या नाममुद्रेत त्या स्वतःचं नाव घेत नाहीत, चोखोबांची बायको अशी ओळख देतात. नवऱ्याचं नाव आलं, हिचं शोधावं लागतं.

जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, तो तर सरळ श्रेयनामावली आहे. कोणत्या संताचे शब्द कोणी लिहून घेतले याची यादीच त्यात दिली आहे. सावता माळ्यांसाठी काशिबा गुरव, चोखोबांसाठी अनंतभट्ट. आणि जनीचा लेखक कोण? तर खुद्द पांडुरंग. जनीबरोबर विठ्ठल दळण दळायचा ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच गोष्टीचा हा दुसरा भाग. तिच्या जात्यावरचं गाणं देवाने लिहून घेतलं.

बाकीच्या जात्यांवर असा लेखक बसलेला नव्हता.

बारामतीत एकाच वेळी दोन प्रकारची कविता

अठराव्या शतकातली बारामती घ्या. मोरोपंत इथेच राहिले आणि १७९४ मध्ये इथेच गेले. बाबूजी नाईकांचा आश्रय होता, पुराण सांगण्याचं काम होतं, लिहायला निवांतपणा होता. त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी उचलल्या आणि गावोगाव नेल्या. १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितेचा निवडक संग्रह काढला, त्यातून पंत शाळकरी पोरांपर्यंत गेले. आश्रयदाता, कीर्तनकार, संपादक असे एकामागून एक निवडणारे मिळाले.

त्याच काळात त्याच गावात पहाटे जाती फिरत होतीच. त्यावर बायका रचत होत्या, म्हणत होत्या. त्यातलं एकही नाव आज सांगता येत नाही.

कारण साधं आहे. ओवीला नाममुद्रा नसते. ओवीत भावाचं नाव येईल, लेकीचं येईल, माहेरच्या गावाचं येईल, विठ्ठलाचं तर येईलच. म्हणणारीचं येत नाही. शिवाय ओवी एकटीची नसते. आईकडून आलेली, जावेकडून ऐकलेली, त्यात स्वतःचा एक शब्द बदललेला, कधी अर्धी ओळ नवी. तिला "रचनाकार" म्हणावं की "गायिका", यावर अभ्यासक वाद घालू शकतात. पण दोन्हीपैकी काहीच न म्हणणं हा काही त्यावरचा तोडगा नाही.

बहिणाबाई चौधरी हा अपवाद, आणि तो कसा घडला ते बघितलं की नियम कळतो. बहिणाबाई लिहू-वाचू शकत नव्हत्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि घरातल्याच पितांबर चौधरी यांनी गाणी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. नंतर ते कागद आचार्य अत्र्यांपर्यंत पोहोचले आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. घरात कवी आणि ओळखीत अत्रे. किती बायकांच्या नशिबी असं असणार? एका मोठ्या माणसाच्या कौतुकाने एक बहिणाबाई मिळतात. हजारो जात्यांपर्यंत पोहोचायचं तर हजारो दारांत जाणारी माणसं लागतात.

मग दारोदार कोण गेलं?

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघे सामाजिक कार्यकर्ते आणि अभ्यासक होते. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे. दोघांनी मिळून सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था चालवली. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम सुरू होतं, तिथल्या बायकांशी बोलताना ओव्या पुढे आल्या. बैठकीत गप्प बसणारी बाई जात्यावर बसली की नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, सीतेबद्दल, कष्टाबद्दल बोलत होती. जे भाषणात येत नव्हतं ते ओवीत येत होतं.

पुढची वीसेक वर्षं हे काम चाललं. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून तीन हजारांहून जास्त बायकांच्या १ लाख १० हजारांच्या आसपास ओव्या गोळा झाल्या.

हा आकडा दोघा-चौघांच्या आवाक्यातला नाहीच. महत्त्वाचं हे की गोळा करणाऱ्यांमध्ये गावातलेच कार्यकर्ते होते, त्यात बायकाही होत्या. ज्यांना मुळात माहीत होतं की अमक्या वस्तीवरच्या अमकीला खूप येतात, पण ती चारचौघांत तोंड उघडायची नाही. असं ज्ञान बाहेरून आलेल्या माणसाकडे नसतं आणि अल्गोरिदमकडे तर नाहीच नाही. दुर्लक्षित कलाकार शोधायचा म्हणजे आधी तो कुठे गप्प बसलाय ते ठाऊक असावं लागतं.

दुसरं काम त्याहून किचकट होतं. लाखभर ओव्या नुसत्या वहीत लिहून ठेवल्या तर त्या पुन्हा हरवल्याच म्हणायच्या. म्हणून विषयवार वर्गीकरण झालं. आई, बाप, भाऊ, लेक, सीता, पंढरी, शेत, कष्ट अशी घरं आणि त्यांच्या आत आणखी घरं. १९९० च्या दशकाच्या मध्यात संगणक आणि संगीत या दोन्हींत काम करणारे बर्नार्ड बेल सोबत आले आणि मजकुराचा डेटाबेस उभा राहिला, ध्वनिमुद्रणही सुरू झालं. १२० तासांहून जास्त आवाज साठवला गेला. लिहिलेल्या ओवीत चाल राहत नाही, जात्याची घरघर राहत नाही, एकीने टाकलेली ओळ दुसरीने कशी उचलली तेही राहत नाही. त्यामुळे आवाज साठवणं गरजेचं होतं.

२००४ मध्ये पॉइटवाँ गेले, २०१० मध्ये हेमा राईरकर गेल्या. असे संग्रह अशा वेळी कपाटात जातात आणि मग कपाटही कुठेतरी जातं. हा वाचला, कारण सोबत काम केलेली माणसं होती आणि दुसऱ्या एका गटाने तो हाती घेतला. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी'वर, मार्च २०१७ पासून या ओव्या यायला लागल्या. नमिता वाईकर यांनी प्रकल्प सांभाळला. जितेंद्र मैड आधीपासून या कामात होते, त्यांना बोली आणि गावं दोन्ही ठाऊक. रजनी खळदकर यांनी ओव्या टाईप करायचं चिकाटीचं काम केलं, आशा ओगले यांनी भाषांतरात साथ दिली. (क्युरेशन म्हटलं की काहीतरी झगमगीत डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग टायपिंगचा असतो.)

पारीच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट केली. जुन्या नोंदी बघून ते काही गावांमध्ये परत गेले. त्या गायिकांना शोधलं, पुन्हा गायला सांगितलं, या वेळी कॅमेऱ्यासमोर. पारीवर ओव्यांच्या पानाच्या तळाशी एक छोटी नोंद असते. गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलं, काम, तारीख. ओवी स्वतः जे सांगत नव्हती ते सगळं त्या नोंदीत येतं. म्हणूनच इंदापूर तालुका म्हणून शोधलं तर निमगाव केतकी सापडतं आणि निमगाव केतकीत माणसं सापडतात.

पण निवडणाऱ्यांनाच दिसलं नाही तर?

हा प्रश्न विचारायलाच हवा. समूहाने निवडलं म्हणजे न्यायाने निवडलं असं होत नाही. समूहाला जात असते, वाडा असतो, आपली माणसं असतात. चोखोबांचे अभंग गाणारा समाज चोखोबांना दारातच उभं करत होता, हे एकाच वेळी खरं होतं.

ओव्यांमध्येही तेच झालं असतं. गोळा करणारे फक्त गावठाणात, पाटलाच्या वाड्यात बसले असते, तर त्यांना रामायण आणि पंढरी भरपूर मिळाली असती. पण बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीत हा गट १९९६ मध्ये गेला, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या मिळाल्या. २०१७ मध्ये पारीची मंडळी तिथे पुन्हा गेली. त्या ओव्या दुसऱ्या कुठल्या अंगणात बसून ऐकायला मिळाल्या नसत्या. कोणत्या अंगणात बसायचं हे ठरवणं हीच निवडीची पहिली पायरी, आणि चूकही बहुतेक वेळा इथेच होते.

आजच्या समूहांचा आजार वेगळा आहे. "तू माझं शेअर कर, मी तुझं करतो" असे व्हॉट्सॲप ग्रुप गल्लोगल्ली आहेत. त्याला क्युरेशन म्हणणं म्हणजे लग्नाच्या आहेराला दानधर्म म्हणण्यासारखं आहे. तिथे कुणी काही ऐकत नाही, फक्त देवाणघेवाण चालते. आकडा वाढतो आणि वर सांगितलेल्या प्रयोगातला गोंधळही वाढतो, कारण पुढच्या माणसाला तोच आकडा दिसतो.

कंपन्यांनाही हे कळायला लागलंय असं दिसतं. एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की एकच व्हिडिओ दोन जागी सापडला तर शिफारशीत मूळ व्हिडिओ दाखवला जाईल, उचललेल्यावर मूळ कर्त्याचं लेबल लागेल आणि लहान खात्यांना पोहोचण्याची जास्त संधी दिली जाईल. दिशा बरोबर आहे. पण यात एक मोठी फट राहते. यंत्राच्या दृष्टीने "मूळ कर्ता" म्हणजे ज्याने पहिल्यांदा अपलोड केलं तो. आजीचं रेकॉर्डिंग नातवाच्या मित्राने टाकलं, तर यंत्रासाठी कर्ता तो मित्र. आजीचं खातंच नाही. तिचं नाव फक्त माणूसच लिहू शकतो.

दहा जणांना काय करता येतं?

बारामती-इंदापूर पट्ट्यात आज ऊस आहे, कारखाने आहेत, प्रत्येक गावात पिठाची गिरणी आहे. जातं बंद पडलं तसं ओवी म्हणायची रोजची जागा गेली. ज्यांनी सासरी आल्यावर रोज पायली-पायली दळलं त्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गाणाऱ्या फक्त त्याच नाहीत. भजनी मंडळातला पेटीवाला, जागरण-गोंधळातला संबळ वाजवणारा, मेंढरं घेऊन फिरणारा आणि गजी ढोलावर गाणारा, हे सगळे याच रांगेत आहेत.

यांच्यासाठी मोठी संस्था काढावी लागत नाही. एखाद्या गावच्या आठ-दहा जणांनी ठरवून महिन्याला दोन माणसं निवडली तरी पुष्कळ. क्लिप पूर्ण ऐकायची. शेअर करताना नुसता बदाम न टाकता यात काय आवडलं ते दोन ओळींत लिहायचं, कारण पुढचा माणूस ते वाचून थांबतो. कुणी नाव काढून उचललं तर खाली जाऊन नाव लिहायचं, आणि ते एकट्याने न लिहिता दहाही जणांनी लिहायचं. दहा कमेंटमध्ये एकच नाव दिसलं की पेज चालवणाऱ्यालाही लाज वाटते. निदान काहींना तरी. सगळ्या क्लिप एका जागी, गावाच्या नावाने ठेवायच्या, म्हणजे दोन वर्षांनी शोधणाऱ्याला मिळतात.

आणि आधी विचारायचं. माहेरचं दुःख सांगणारी ओवी नातेवाईकांच्या ग्रुपवर फिरू नये असं एखादीला वाटू शकतं. जात, नवऱ्याचं नाव, गाव यातलं काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवायचा हक्क तिचा आहे. तिने नको म्हटलं तर रेकॉर्डिंग तिच्या घरच्यांना द्यायचं आणि विषय तिथेच ठेवायचा.

रेकॉर्ड करायचंच असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. "आजी, एक ओवी म्हणून दाखव" असं खुर्चीत बसवून म्हटलं की दोन-तीन ओव्यांवर गाडी अडते. त्यापेक्षा माळ्यावरचं किंवा परसात पालथं पडलेलं जातं पुसून मांडायचं, मूठभर गहू घालायचे आणि समोर दुसरी एखादी तिच्याच वयाची बाई बसवायची. खुंटा हातात आला आणि हात फिरायला लागला की शब्द सुटतात. थांबली की लगेच, फोन बंद करायच्या आधी, तिचं नाव, माहेर, सासर आणि ही ओवी कुणाकडून आली ते तिच्याच तोंडून त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्यायचं. पुढे ती क्लिप कुणी कापली, कुणी लोगो चिकटवला, तरी मूळ फाईलमध्ये तिच्या आवाजात तिचं नाव असतं.